न काटता वाटलेली पानं

किस्से म्हणजे पत्त्यांचा जुना कॅट. हाताळून हाताळून पानांच्या कडा मऊ होतात, एखादं पान दुमडतं, एखाद्यावर चहा सांडतो, आणि पिसायला घेतलं की नेमकं तेच वर येतं. माझ्याकडे असा एक कॅट आहे. दर गुरुवारी सकाळी साडेनऊच्या बसनं आम्ही तिघं म्हातारे कॅसिनोत जायचो, तिथला.

मंडळाच्या अंकवाल्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही इथल्या निसर्गावर लिहा ना!" म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेला माणूस. निसर्ग मला खिडकीतून दिसतो तेवढा पुरे. लिहीन तर पत्त्यांवर लिहीन, नाहीतर राहू दे. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण अंकात जागा रिकामी होती त्यांच्या. तर वाचा. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

*

आधी मी कोण ते सांगतो. सांगलीत एका रमी क्लबात मी बावीस वर्षं पत्ते पिसायला आणि वाटायला होतो. दुसरं काही येत नाही मला. बायको गेल्यावर मुलानं दोन हजार दोन साली इकडं बेलव्ह्यूला आणलं. मुलगा आणि सून सकाळी आठला घराबाहेर. मागे घरात मी आणि डिशवॉशर. त्यातल्या त्यात डिशवॉशर जास्त बोलायचा.

इंडियन ग्रोसरीत डॉक्टर देशकर भेटले. नागपूरचे. आयुष्य इथंच डॉक्टरकी करण्यात गेलं, आता रिटायर. घरी दोन गाड्या, पण फुकटची बस दिसली की हा माणूस गाडीची किल्ली खिशात ठेवून रांगेत उभा!

"चला मारुतराव, गुरुवारी कॅसिनोत."

"मी जुगार खेळत नाही."

"जुगार नाही हो, सिनिअर सिटिझनची सहल आहे. बस फुकट, जेवणाचं कूपन फुकट. हरलो नाही तर जेवण फुकट. हरलो तर जगातलं सगळ्यात महाग सॅलड!"

बसमध्ये तिसरे होते लिमये सर. पुण्याला कॉलेजात गणित शिकवायचे. मुलाकडे, मंदारकडे, राहायचे. कॅसिनोतला एसी बाधतो म्हणून डोक्याला माकडटोपी, आणि हातात वहिनींनी दिलेला लाडवांचा डबा. मी मनात म्हटलं, ह्या दोघांबरोबर जायचं म्हणजे शोभाच आहे. पुढं पाच वर्षं गेलो.

*

ब्लॅकजॅक म्हणजे एकवीस. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला वाटणारा. एकविसाच्या जवळ जायचं, वर गेलात की मेलात. लहान पोराला कळेल एवढाच खेळ.

आमच्या क्लबात पानं पसंत पडली की बोटाच्या पेरानं टेबलावर टकटक करायचो. म्हणजे माझं झालं, पुढं चल. पहिल्याच दिवशी माझ्याकडे राणी आणि नव्वी आली. एकोणीस! मी टकटक केलं.

इथं टकटक म्हणजे अजून एक पान दे. हे मला कोण सांगणार?

वाटणारी बाई थांबली. "शुअर, पापा?"

म्हटलं, बहिरी आहे का ही? पुन्हा जोरात टकटक केलं. तिनं मान हलवली आणि पान टाकलं. दुर्री. एकवीस!

टेबलावरची माणसं ओरडायलाच लागली. एक भला मोठा टोपीवाला गोरा येऊन माझ्या खांद्याला हात लावून गेला, नशीब लागावं म्हणून. डॉक्टर डोळे फाडून म्हणाले, "मारुतराव, तुम्हाला कळलं कसं हो?"

म्हटलं, "बावीस वर्षांचा अनुभव आहे."

डॉक्टर, आज खरं कळलं असेल तुम्हाला.

*

ती वाटणारी बाई म्हणजे लिन. व्हिएतनामची, पन्नाशीची. तिचं पिसणं बघायला मी जायचो, खेळायला नाही. खेळात मी पाच डॉलरच्या वर कधी लावले नाहीत. सहा कॅट एकदम पिसायची. आधी सगळी पानं टेबलावर पसरायची, मग ढीग करायची, मग दोन-दोन ढीग एकमेकांत घुसवायची, आवाज असा यायचा की पारवा उडाला. आणि शेवटी एक पिवळं प्लास्टिकचं पान माझ्या हातात द्यायची. "कट, पापा."

मी ते ढिगात मध्येच खुपसून काटायचो, तिथून वरची पानं खाली जायची. पिसतो एक, काटतो दुसरा. आमच्या धंद्यातला सगळा विश्वास एवढाच. माझा तुझ्यावर भरवसा नाही, तुझा माझ्यावर नाही, म्हणून दोघांचेही हात पानांना लागू देत.

लिन पिसत असायची तेवढी पाच मिनिटं आमची. सर डबा उघडून लाडू काढायचे, एक लिनला द्यायचे. तिला ड्यूटीवर खायला बंदी, म्हणून ती तो खिशात ठेवायची. डॉक्टर धावत बाथरूमला जाऊन यायचे. मी गप्प बसून तिच्या हातांकडे बघायचो.

*

सर खेळायचे कमी. सर मोजायचे.

लहान पान पडलं, दुर्रीपासून छक्कीपर्यंत, की मनात एक मिळवायचा. दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की एक वजा. मधल्यांकडे लक्ष द्यायचं नाही. बेरीज वर चढली म्हणजे लहान पानं निघून गेली, मोठी आत राहिली. मोठी राहिली की खेळणाऱ्याचं पारडं जड. मग जास्त लावायचे. एवढंच. चोरी नाही, चलाखी नाही, नुसती आठवण. सहा कॅटची बेरीज तो माणूस डोक्यात ठेवायचा आणि वरून लिनशी हवापाण्याचं बोलायचा.

आमची खूण ठरलेली होती. बेरीज चढली की सर माकडटोपी काढायचे. टोपी डोक्यावर म्हणजे गप्प बसा. टोपी खाली म्हणजे लावा.

एकदा सरांनी टोपी काढली. डॉक्टरांनी खिशातली शंभराची नोट ठेवली. गेली! डॉक्टरांनी दुसरी ठेवली. तीही गेली!

"सर, टोपी!" डॉक्टर कळवळून म्हणाले.

सर दचकले. "अहो, डोकं खाजत होतं!"

*

मग मशीन आलं.

काळं खोकं, टेबलाच्या कडेला बसवलेलं. एका डावाची खेळलेली पानं गोळा केली की लिन ती लगेच परत त्या खोक्यात टाकायची. आत ते सारखं पिसतच राहायचं. खोकं पान देणार, आपण खेळणार, पान परत खोक्यात. थांबणं नाही, संपणं नाही.

मी वाट बघत बसलो. पिवळं पान कोणी देईना.

"लिन, कट?"

"नो कट, पापा."

"न काटता वाटणार?" मी मराठीतच ओरडलो. आमच्या क्लबात न काटता वाटलं असतं तर लोकांनी माझे हात मोडून गळ्यात बांधले असते! मी खेळ थांबवला. सूट घातलेला सुपरवायझर आला. डॉक्टरांनी त्याला माझं गाऱ्हाणं इंग्रजीत सांगितलं. तो अदबीनं वाकला आणि काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

डॉक्टर म्हणाले, "म्हणतो, आता पानांना कोणाचाच हात लागत नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त राहा."

मी बावीस वर्षं नेमकं उलट शिकलो होतो.

सर तर त्या टेबलाला शिवलेच नाहीत. "मी तिथं बसणार नाही," म्हणाले. "तो माझा अपमान आहे."

*

परतीच्या बसमध्ये मी तणतणत होतो. यंत्र लबाड आहे, आत चिप आहे, आपल्याला मुद्दाम पडकी पानं देतं, असं काय काय. सरांनी लाडवांचा रिकामा डबा घेतला आणि डॉक्टरांच्या खिशातली खाऱ्या दाण्यांची आणि काजूंची पुडी मागून घेतली.

"मारुतराव, दाणे म्हणजे लहान पानं, काजू म्हणजे मोठी. हात घाला. काय आलं?"

"दाणे."

"खा. पुन्हा घाला. पुन्हा दाणे? खा. आता डब्यात काय जास्त उरलं?"

"काजू."

"हेच मी मोजतो. आता समजा, प्रत्येक वेळी जे काढलं ते परत डब्यात टाकून हलवलं, तर?"

"तर काही कळायचं नाही."

"बस्स. मशीन एवढंच करतं. लबाडी काही नाही. डबा कायम पहिल्यासारखा. दुसऱ्या टेबलावर दुसरं मशीन आहे ना, ते सगळी पानं संपल्यावरच पिसतं. तिथं माझी मोजणी चालेल. ह्याच्यापुढं नाही चालत."

डॉक्टर म्हणाले, "पण मी तर मोजत नाही. माझं ह्यात काय गेलं?"

"एका डावाचा हिशेब बघाल तर काहीच नाही. झालाच तर तुमच्यासारख्या न मोजणाऱ्याला कणभर फायदाच आहे."

"मग मी आज नेहमीपेक्षा जास्त कसा हरलो?"

सरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "पिसायला जो वेळ जायचा, त्या वेळात आता तुम्ही खेळता. बादलीचं भोक तेवढंच आहे, डॉक्टर. पूर्वी मध्ये मध्ये कोणीतरी त्यावर बोट ठेवायचं."

उरलेले काजू डॉक्टरांनी सगळे खाल्ले.

*

डॉक्टरांना त्या बादलीचा अर्थ पुढच्याच गुरुवारी कळला.

पिसण्याची सुट्टी गेली, आणि डॉक्टर त्र्याहत्तर वर्षांचे. उठावं तर डाव चालू, खुर्ची जाते. बसावं तर बसवत नाही. तासभर चुळबुळ केली, शेवटी पंधरा झालेले असताना हातातला डाव सोडून पळाले. परत आले तेव्हा चेहरा शांत होता, पण आवाज नाही.

"हे मशीन ज्यानं काढलं ना, मारुतराव," ते म्हणाले, "त्याचा प्रोस्टेट तरुण असणार!"

*

मला वाटायचं, लिनलाही माझ्यासारखाच राग आला असेल. तिचं पिसणं गेलं, तिची कला गेली. एकदा जेवणाच्या वेळी ती मागच्या बाकावर बसलेली दिसली. मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, "लिन, मशीन बॅड. युअर हँड, गुड. व्हेरी गुड."

तिनं बाही वर केली. मनगटाला पट्टा. दुसरी बाही वर केली. तिथंही पट्टा.

"ट्वेल्व इयर्स, पापा," ती म्हणाली. "मशीन, आय लव्ह."

माझ्या स्वतःच्या उजव्या हाताचं मधलं बोट थंडीत वळत नाही, ते मी तिला दाखवलं. आम्ही दोघं पिसणारे, एकमेकांचे हात बघत बसलो. तिच्यासमोर मशीनला शिव्या घालायचं मी त्या दिवशी बंद केलं. मनात घालायचो.

*

बसमध्ये सरांनी एकदा विचारलं, "मारुतराव, खरं सांगा. कधी हातचलाखी केलीत?"

"एकदा."

"सांगा."

सांगितलं. मालकानं डोळ्यानं खूण केली होती, समोरच्याला आज उठवायचा. समोर एक शिंपी होता, शांत माणूस, रोज यायचा, रोज थोडंफार जिंकायचा. मी तीन डाव त्याच्याकडे हवं ते एकही पान जाऊ दिलं नाही. तो काटायचा, मी काटलेलं पुन्हा होतं तिथं आणून ठेवायचो. पान बदलायचं तर समोरच्याची नजर एक क्षण दुसरीकडे गेली की पुरतं. तो उठला. जाताना मला म्हणाला, "मारुती, हात चांगला आहे तुझा. आमचंच नशीब नाही."

त्यानंतर मी सरळच पिसलं. मालकाला सांगितलं, हात तुमच्याकडे नोकरीला आहेत, विकलेले नाहीत.

सर खिडकीतून बाहेर बघत होते. "म्हणजे जमतं तुम्हाला. अजून?"

"पोहायला शिकलेला विसरतो का, सर?"

"मग मशीनच बरं म्हणायचं," सर म्हणाले. "त्याला शिंपी भेटत नाही."

*

सगळ्या टेबलांवर खोकी बसली. मागच्या कोपऱ्यात एकच टेबल हातानं पिसायचं राहिलं. लिनचे पट्टे उतरले की तिची पाळी तिथं लागायची. आम्ही तिथंच बसायचो, सरांसाठी.

एका गुरुवारी नुसती मोठी पानं पडत होती. राजे, राण्या, एक्के, लागोपाठ. मला गणित येत नाही, पण कॅट हलका झाला की बोटांना कळतं. मोठं काही उरलं नसणार. आणि सरांनी टोपी काढली.

मी सरांच्या डोक्याकडे बघितलं. खाजत नव्हतं.

डॉक्टरांनी लावले, गेले. "गणित कधी कधी चकवतं," सर म्हणाले. दोन आठवड्यांनी पुन्हा तसंच. मग डॉक्टरांनी टोपीवर भरवसा ठेवणंच सोडलं. सरांना कळू नये म्हणून मान वर करून बघायचे, पण लावायचे पाचच. सरांनी लिनला विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?" ती तीन वर्षं त्यांचे लाडू खात होती. हसून म्हणाली, "लिन." जेवायला उठायच्या आत त्यांनी दोनदा आणखी विचारलं. ती दोन्ही वेळा तशीच हसून सांगत होती.

सॅलडच्या रांगेत डॉक्टर हळूच म्हणाले, "मारुतराव, हे पत्त्यांचं नाही." डॉक्टर माणूस. त्याला माझ्या आधी कळलं असणार.

*

त्याच आठवड्यात ग्रोसरीत लिमये वहिनी भेटल्या. मेथीच्या जुड्यांपाशी मला थांबवलं.

"भाऊ, एक विचारू? मंदार ह्यांना हॉस्पिटलात तपासायला न्यायचं म्हणतो. गॅस चालू राहिला परवा. मागे घर चुकले होते, पोलिसांनी आणून सोडलं. मंदार म्हणतो, बसही बंद, एकटं सोडायचं नाही. हे ऐकत नाहीत. म्हणतात, सहा कॅट डोक्यात ठेवतो मी, माझं डोकं गेलंय का?" त्यांनी पदर सारखा केला. "तुम्ही शेजारी बसता. खरं सांगा, बरोबर असतं का हो त्यांचं?"

मी आयुष्यभर तोंडावर बोलून माणसं तोडली. सख्खा भाऊ तोडला. त्या दिवशी मी मेथीची जुडी उलट करून बघितली, सुलट करून बघितली.

म्हटलं, "वहिनी, मी चौथी पास. मला गणितातलं काय कळतं?"

*

रविवारी दुपारी सरांनी घरी बोलावलं. डायनिंग टेबलावर मंदार, वहिनी, मंदारची नऊ वर्षांची रिया. टेबलावर नवा कोरा कॅट.

सर ताठ बसले होते, वर्गात बसतात तसे. "मंदार, ह्यातलं एक पान बाजूला काढायचं. उरलेली एक्कावन्न मी एकदाच बघीन. बघून झाल्यावर लपवलेलं पान लहान, मोठं की मधलं ते सांगीन. सगळ्या कॅटची बेरीज शून्य येते, म्हणून मोजणी बरोबर असेल तर उत्तर चुकूच शकत नाही. चुकलो तर बस बंद, म्हणशील त्या हॉस्पिटलात येतो. बरोबर आलं तर हा विषय ह्या घरात पुन्हा नाही."

"बाबा, इट्स नॉट अबाउट कार्ड्स," मंदार म्हणाला. बिचारा रडकुंडीला आला होता.

"आणि पिसायला मारुतराव. ते तटस्थ आहेत."

मी पिसलं. बोट दुखत होतं, तरी नीट पिसलं. मंदारला म्हटलं, "काट."

"काका, त्याची काय गरज आहे?"

"काट. न काटता मी वाटत नाही."

त्यानं काटलं. मी वरचं पान न उलटता बशीखाली सरकवलं. सरांनी कॅट हातात घेतला आणि एकेक पान उताणं टाकायला लागले. ओठ हलत होते. पडलेली पानं मी गोळा करून सारखी करत होतो, जुनी खोड. निम्म्याच्या पुढं गेले आणि रिया म्हणाली, "आजोबा, यू आर सो स्लो!"

सरांनी मान वर केली. नातीकडे बघून हसले. मग हातातल्या पानाकडे बघितलं. बघतच राहिले. ओठ थांबले होते. चहाच्या कपांवर साय धरली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकच क्षण, आणि पुढचं पान टाकलं.

शेवटचं पान पडलं. सर म्हणाले, "मोठं."

मंदारनं बशीकडे हात नेला. मी म्हटलं, "थांब. पिसणारा उचलतो, आमच्यात तसा नियम आहे." पुढं वाकलो तेवढ्यात माझा चष्मा घसरून खाली पडला. सगळे त्याच्यासाठी खाली वाकले. मंदारनं तो उचलून दिला. मी पुसला, डोळ्यांवर लावला आणि बशी उचलली.

इस्पिकचा राजा.

मंदारनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ओके, बाबा. सॉरी. ओके." वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि किती तरी वेळ नळ चालू राहिला.

रिया टाळ्या पिटत होती. "डू इट अगेन, आजोबा! डू इट अगेन!"

"नको, बाळा," सर म्हणाले. ते राजाकडे बघत नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते.

*

पुढच्या गुरुवारी बसमध्ये सर माझ्याशेजारी येऊन बसले. डॉक्टर पुढच्या सीटवर घोरत होते. अर्धा रस्ता गेल्यावर सरांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पान काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

चौकटची पंजी.

"तुमचं पान राहिलं होतं आमच्याकडे," ते म्हणाले. "टेबलाखाली, गालिचाच्या कडेला."

मी ते खिशात घातलं. बस कॅसिनोच्या दारात थांबली.

कोपऱ्यातल्या टेबलावर लिन होती. पानं पसरून पिसत होती. आम्हाला बघून तिनं सरांची खुर्ची मागे ओढून दिली. सरांनी तिला हात केला, लाडवाचा डबा तिच्यापुढं ठेवला, आणि न थांबता पुढं गेले. पहिल्या रांगेत एक काळ्या खोक्याचं टेबल रिकामं होतं. सर त्याच्यापुढं जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, "या, मारुतराव. इथं बसू."

मी बसलो. खोक्यानं घरघर केली.

सरांनी माकडटोपी काढली, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

मी खिशात हात घातला, पंजी तेवढी आत राहू दिली आणि बाकी होतं नव्हतं ते सगळं पुढं सरकवलं.